बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा : फंगसच्या इंजेक्शनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात शुगर आणि काळी बुरशी यावर लिहिलं होतं, त्यावर निपाणी, खानापूर, रायबाग, चिकोडी, अथणी आणि बेळगाव शहरातून भरपूर पत्रं आली आणि बहुतेकांचा विषय एकच, डॉक्टरांनी फंगसचं इंजेक्शन लिहून दिलंय, ते महाग आहे, लावताना पेशंट थडथडतो, किडनी जाते म्हणतात, मग आम्ही करायचं काय. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. डोस ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं, पण बाटली दुकानातून निघून पेशंटच्या शिरेत जाईपर्यंत काय काय चुकू शकतं ते रोज डोळ्यासमोर असतं, म्हणून त्याबद्दलच सांगते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न (निपाणी) : ताई, वडलांना शुगर हाय. नाकातनं काळं यायला लागलं, एक डोळा सुजला, बेळगावात अ‍ॅडमिट केलं, ऑपरेशन पण झालं. आता रोज एम्फोटेरिसिनच्या ६ बाटल्या आणायला सांगतात. हॉस्पिटलच्या दुकानात एक बाटली काही हजारांना, आणि बाहेर एका मेडिकलमध्ये एम्फोटेरिसिनच लिहिलेली बाटली काही शे रुपयांत मिळते. दोन्हीवर ५० एमजीच लिहिलंय. तंबाखूचे पैसे अजून हातात नाहीत, सोनं ठेवून झालं. स्वस्तातली घेतली तर चालेल काय, सांगा की.

उत्तर : भाऊ, नाही चालणार, आणि हे मी कंपनी मोठी की छोटी म्हणून सांगत नाही, जिवाचा प्रश्न आहे म्हणून सांगते. तुम्ही बघितलेल्या दोन बाटल्यांत औषध एकच असलं तरी ते बांधलंय वेगवेगळ्या पद्धतीनं. स्वस्तातलं आहे ते साधं एम्फोटेरिसिन बी, त्याला डीऑक्सिकोलेटवालं किंवा कन्व्हेन्शनल म्हणतात, १९५० च्या दशकाच्या शेवटापासून वापरात आहे. महाग आहे ते लायपोसोमल, म्हणजे तेच औषध चरबीच्या अगदी बारीक बुडबुड्यांत बसवलेलं, त्यामुळे किडनीवरचा मार बराच कमी होतो आणि म्हणूनच डॉक्टर जास्त डोस देऊ शकतात. आता हिशोब बघा. काळ्या बुरशीत लायपोसोमल साधारण वजनाच्या किलोमागे रोज ५ एमजी देतात, तुमचे वडील ६० किलोचे धरले तर ३०० एमजी, म्हणजे बरोबर ६ बाटल्या, तुम्हाला सांगितल्यात तेवढ्याच. मेंदूपर्यंत गेलं असेल तर १० एमजीपर्यंतसुद्धा नेतात. साध्या एम्फोटेरिसिनचा डोस मात्र किलोमागे १ एमजीच्या आसपास, आणि १.५ च्या वर कधीच जायचं नसतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ९० एमजी, दोन बाटल्या पण पूर्ण नाहीत. तुम्ही स्वस्तातल्या ६ बाटल्या नेऊन दिल्या आणि घाईत कुणी नाव पूर्ण न वाचता त्या लावल्या तर ३०० एमजी साधं औषध एकदम अंगात जाईल आणि हृदय तिथल्या तिथे बंद पडू शकतं. अशी अदलाबदल होऊन जगात माणसं गेलेली आहेत, म्हणूनच साध्या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत धोक्याची सूचना छापलेली असते की डोस १.५ एमजी प्रति किलोच्या वर जात असेल तर औषधाचं नाव आणि डोस पुन्हा तपासा.

आणखी एक, बाजारात लिपिड कॉम्प्लेक्स आणि लिपिड इमल्शन असेही प्रकार आहेत, त्यांचे डोस वेगळे, मिसळायची पद्धत वेगळी. म्हणून चिठ्ठीवर नुसतं एम्फोटेरिसिन लिहिलं असेल तर दुकानात जायच्या आधी परत वर जाऊन सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारायचं, कुठलं, आणि तो शब्द त्यांच्याकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्यायचा. लाजू नका, कुणी वैतागलं तरी विचारा. बाटली हातात आली की मोबाईलमध्ये लेबलचा फोटो काढून ठेवा, नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी सगळं दिसेल असा, आणि पक्कं बिल घ्या. २०२१ च्या मे-जूनमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे पेशंट एकदम वाढले, औषधाचा देशभर तुटवडा पडला, १२ जूनला जीएसटी कौन्सिलने त्यावरचा टॅक्स काही महिन्यांसाठी शून्यावर आणला तो त्याच काळात. तेव्हा लोकांनी जिथे मिळेल तिथून, मिळेल ती बाटली उचलली. आता तशी वेळ नाही, तेव्हा बिलाशिवाय घेऊच नका.

पैशाचं म्हणाल तर ते खरंच अवघड आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही माझ्याकडे. पण दोन गोष्टी करा. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेच्या काउंटरवर जा, बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंतचं कव्हर आहे, तुमचा आजार आणि हे औषध त्यात कसं बसतं ते तिथेच विचारा. आणि डॉक्टरांना उघड सांगा की आम्हाला एवढं झेपत नाही. किडनी चांगली असेल तर काही पेशंटना साधं एम्फोटेरिसिन देता येतं, पण ते डॉक्टर विचार करून, डोस बदलून, तपासण्या वाढवून देतील, ते वेगळं, आणि तुम्ही दुकानात बाटली बदलणं वेगळं. एक मात्र करू नका, पैसे संपले म्हणून ३ बाटल्यांवर भागवा असं परस्पर सिस्टरला सांगू नका. अर्ध्या डोसमध्ये बुरशी मरत नाही आणि किडनीला त्रास तर होतोच.

प्रश्न (खानापूर) : माझ्या मिस्टरांना हेच इंजेक्शन चालू आहे. आधी एक सलाईन लावतात, मग पिवळसर औषधाची बाटली. परवा माझ्या दिराने बाटली बघितली तर त्यावर ग्लुकोज लिहिलेलं, तो सिस्टरवर ओरडला की शुगरच्या पेशंटला ग्लुकोज कसं लावता, काढा आणि सलाईनमध्ये घाला. सिस्टर कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या, आम्हाला अर्धं समजलं. शिवाय औषध चालू झालं की तासाभरात इतकी थंडी भरते की दोन ब्लँकेटं पुरत नाहीत. हे रिअ‍ॅक्शन आहे का? औषध बंद करायला सांगू का?

उत्तर : वहिनी, दिरांची काळजी बरोबर आहे पण सिस्टरांचं बरोबर होतं, आणि त्यांनी दिरांचं ऐकलं नाही हे तुमच्या मिस्टरांचं नशीब. एम्फोटेरिसिन, साधं असो की लायपोसोमल, फक्त ५ टक्के ग्लुकोजमध्येच मिसळतात. नॉर्मल सलाईनमध्ये मीठ असतं, त्यात हे औषध घातलं की दूध फाटावं तसं फाटतं, बारीक कण तयार होतात आणि तो गाळ शिरेत जाणं धोक्याचं. आता शुगरचं बघा, ५ टक्के ग्लुकोजची अख्खी ५०० मिलीची बाटली गेली तरी साखर जाते २५ ग्रॅम, आणि लायपोसोमलला बाटली सहसा त्याहून लहान लागते. तेवढ्यासाठी डॉक्टर इन्सुलिन वाढवतात, दर काही तासांनी शुगर बघतात. तुम्ही विचारायचं ते एवढंच की औषधाच्या वेळी शुगर किती वेळाने तपासता आणि इन्सुलिन कसं देता.

मग आधी सलाईन कशाला? ती किडनीसाठी. औषधाआधी अर्धा ते एक लिटर नॉर्मल सलाईन दिली तर किडनीला होणारा त्रास कमी होतो, हार्टचा पेशंट असेल तर ती बेतानं देतात. पण ती वेगळी, औषधाची वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये त्याच नळीतून थोडं ग्लुकोज सोडून नळी धुवून घेतात, कारण नळीत उरलेल्या सलाईनशी सुद्धा औषधाची गाठ पडता कामा नये. अँटिबायोटिक किंवा पोटॅशियम पण त्याच बाटलीत, त्याच नळीत नको. हे तुम्ही बघू शकता, नळी बदलताना नुसतं विचारायचं, सिस्टर, इदु ग्लुकोजा, सलाइना? एवढं कन्नड आपल्याकडे सगळ्यांना येतं आणि प्रेमानं विचारलं की सिस्टर सांगतात.

बाटली तयार कशी होते ते पण सांगते, म्हणजे घाई झाली तर तुम्हाला कळेल. लायपोसोमलच्या ५० एमजीच्या कुपीत १२ मिली इंजेक्शनचं पाणी घालतात, सलाईन नाही, आणि अर्धा मिनिट जोरजोरात हलवतात, अगदी मनगट दुखेपर्यंत, कारण नुसतं गोल फिरवलं तर पावडर नीट सुटत नाही. मग सिरिंजला एक छोटा चपटा फिल्टर लावतात, ५ मायक्रॉनचा, त्यातून गाळूनच ते ग्लुकोजच्या बाटलीत जातं. बऱ्याच कंपन्या हा फिल्टर डब्यातच देतात, तो कचऱ्यात फेकू नका, कुपीबरोबर सिस्टरांच्या हातात द्या. साध्या एम्फोटेरिसिनच्या कुपीत १० मिली पाणी, आणि मग ५० एमजी औषधाला ५०० मिली ग्लुकोज, म्हणजे बरंच पातळ. लायपोसोमल साधारण २ तासांत जातं, साधं ४ ते ६ तास घेतं. रात्री घरी जायचंय म्हणून कुणी नातेवाइकांनी नळीवरची वेगाची चक्री फिरवून बाटली जोरात सोडली असं घडतं, ते अजिबात करायचं नाही.

थंडीबद्दल. ताप, हुडहुडी, डोकेदुखी, मळमळ हे या औषधात खूप जणांना होतं, जास्त करून साध्या औषधात आणि पहिल्या काही दिवसांत, पुढे बहुतेकांचं कमी होत जातं. ही नेहमीच अ‍ॅलर्जी नसते, म्हणून लगेच औषध बंद करा म्हणू नका. सिस्टरना तेव्हाच्या तेव्हा सांगा, त्या वेग कमी करतील, थोडा वेळ थांबवतील, आणि दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीचं औषध किंवा थोडं हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील. साध्या औषधात काही ठिकाणी आधी १ एमजीचा छोटा टेस्ट डोस देऊन बघतात. मात्र श्वास लागला, छाती आवळली, ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, बीपी पडून घाम फुटला तर ती वेगळी गोष्ट, तिथे नळीची चक्री बंद करून ओरडून सिस्टरना बोलवा, कुणाची वाट बघू नका.

प्रश्न (बेळगाव, शहापूर) : आईला डिस्चार्ज देणार म्हणतात पण इंजेक्शन अजून काही दिवस बाकी आहेत. ओळखीच्या एक सिस्टर घरी येऊन लावून देतो म्हणतात, हॉस्पिटलचा खर्च वाचेल. चालेल का?

उत्तर : लावणं हे निम्मं काम आहे हो. सुई टोचणं सिस्टरना येतंच, प्रश्न मधल्या दिवसांत रक्तात काय चाललंय ते कोण बघणार याचा आहे. हे औषध किडनीतल्या नळ्यांना त्रास देतं, त्यातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातं. पोटॅशियम घसरलं की पाय जड होतात, जिना चढवत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, पोट साफ होत नाही, धडधडतं, आणि फारच घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, तेही फारशी कल्पना न देता. आई हार्टसाठी डिगॉक्सिन घेत असतील तर हा धोका दुप्पट, आणि स्टेरॉइड चालू असेल तर पोटॅशियम आणखी पडतं. म्हणून सुरुवातीला जवळपास रोज आणि पुढे आठवड्यातून दोन-तीनदा क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारी तपासणी), पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि आठवड्याला हिमोग्लोबिन, लिव्हर एवढं बघावं लागतं. सुरुवातीचे दिवस घरी नको, हे मी स्पष्ट सांगते. पुढे तब्येत आणि रिपोर्ट स्थिर असतील, डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं असेल, सिस्टरना हेच औषध मिसळायची सवय असेल, आणि रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना पोचणार असतील तर काही पेशंटचं घरी किंवा डे-केअरमध्ये होतं. मला विचाराल तर रोज रिक्षाने डे-केअरला नेऊन आणणं परवडलं.

पोटॅशियम कमी आलं म्हणून शेजारपाजारचे शहाळं प्या, केळी खा सांगतात. खायला हरकत नाही (शुगर असेल तर केळ्याचा हिशोब ठेवा) पण या औषधानं जेवढं वाहून जातं तेवढं शहाळ्यानं भरून येत नाही, औषधच लागतं. आणि ते इंजेक्शनचं पोटॅशियम मोठ्या बाटलीत पातळ करून सावकाश द्यायचं असतं, सिरिंजने सरळ शिरेत कधीही नाही, घरी तर अजिबातच नाही. उलट क्रिएटिनिन वाढून लघवी कमी झाली तर पोटॅशियम चढू पण शकतं, म्हणून अंदाजाने गोळ्या चालू ठेवायच्या नाहीत.

अजून एक, जे घराघरात घडतं. पाठ दुखते, ऑपरेशनची जागा दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, गल्लीतल्या मेडिकलमधून आणलेली कुठलीही दुखण्याची गोळी. या इंजेक्शनबरोबर त्या गोळ्या किडनीवर दुहेरी मार करतात. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक पण तशीच. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आणि कुठल्याही दुसऱ्या डॉक्टरांकडे, दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच बोलायचं की एम्फोटेरिसिन चालू आहे. दिवसाची लघवी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा, वजन लिहा, कमी होतंय असं वाटलं तर त्याच दिवशी फोन.

प्रश्न (चिकोडी) : आईच्या रक्तात कँडिडा नावाची बुरशी निघाली. आयसीयूत आधी कॅस्पोफंगिन म्हणून बाटली लावायचे, ती सलाईनमध्ये, मग फ्लुकोनॅझोलची बाटली, आणि आता म्हणतात गोळ्या देतो. इतक्या मोठ्या आजाराला गोळ्या? खर्च नको म्हणून आम्हाला वाटेला लावतात असं वाटतंय.

उत्तर : नाही हो, असं मनात आणू नका, ही चांगली बातमी आहे. फ्लुकोनॅझोल हे असं औषध आहे की गोळी घेतली तरी ९० टक्क्यांहून जास्त रक्तात पोचतं, मग पोट नीट चालत असेल, उलट्या नसतील आणि रिपोर्टमध्ये त्या जातीच्या कँडिडावर औषध लागू पडतंय असं आलं असेल तर शिरेत सुई ठेवून काय मिळणार, उलट सुईतूनच नवं इन्फेक्शन यायची भीती. फक्त दिवस पूर्ण करायचे, रक्ताचं कल्चर (रक्तात बुरशी वाढते का ती तपासणी) स्वच्छ आल्या तारखेपासून कमीत कमी १४ दिवस, बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी बंद नाही. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकदा पडदा तपासून घेतला का ते विचारा, कँडिडा तिथे जाऊन बसते.

तुम्ही सलाईनचं नेमकं लिहिलंय ते बरं केलंत, कारण वरच्या उत्तरात मी ग्लुकोज ग्लुकोज म्हणते आणि ते वाचून कुणी कॅस्पोफंगिनची बाटली बदलायला लावायचं. कॅस्पोफंगिनचं बरोबर उलटं आहे, ते ग्लुकोजमध्ये टिकत नाही, सलाईनमध्येच देतात, साधारण तासाभरात. म्हणजे फंगसचं इंजेक्शन म्हटलं की एकच नियम असं नाही, औषधागणिक वेगळं.

फ्लुकोनॅझोलची खरी काळजी इतर गोळ्यांशी होणाऱ्या भांडणाची. शुगरच्या ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइडसारख्या गोळ्यांचा जोर वाढतो आणि शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, गोंधळ झाला तर आधी साखर द्या. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर रक्तस्राव होऊ शकतो, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती तपासणी) लवकर तपासावा लागतो. फिट्सची फेनिटॉइन, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, ठोक्यांवर परिणाम करणारी औषधं, यादी लांब आहे, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. दिवस गेलेल्या बाईला हे औषध विचारल्याशिवाय नाही. जाता जाता, कुणाला व्होरिकोनॅझोल हे बुरशीचंच दुसरं औषध लिहिलं असेल तर औषधानंतर थोडा वेळ डोळ्यांपुढे लखलखाट, रंग वेगळे दिसणं हे होतं, घाबरू नका, पण रात्री गाडी चालवू नका आणि उन्हात अंग झाका. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर त्यासोबत व्होरिकोनॅझोल चालत नाही, हे आधी सांगायलाच हवं. आणि काळ्या बुरशीवर फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल दोन्ही काम करत नाहीत, तेव्हा एम्फोटेरिसिन महाग म्हणून कुणी या बाटल्या सुचवल्या तर ऐकू नका.

प्रश्न (रायबाग) : ऊसतोडीत भावाच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं. गावात ड्रॉप घातले, चार दिवसांत बुबुळावर पांढरा डाग आला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात बुरशी आहे, डोळ्यातच इंजेक्शन द्यावं लागेल. ऐकूनच अंगावर काटा येतो.

उत्तर : आपल्या भागात हे फार होतं, अथणी, रायबाग, चिकोडी सगळा उसाचा पट्टा, पातं लागतं, पाचट उडतं, आणि त्याबरोबर बुरशी बुबुळात शिरते. आधी एक विचारा, गावात घातलेल्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं का, बाटली घेऊन दाखवा. डोळा लाल झाला की पटकन बरं वाटावं म्हणून ते देतात, आणि बुरशीत त्यानं लाली उतरते पण आत जखम पसरते. बुबुळ खरवडून तपासणी झाली असेल आणि बुरशी दिसली असेल तर पहिलं औषध सहसा ५ टक्के नॅटामायसिनचे ड्रॉप, सुरुवातीला जागेपणी दर तासाला. कंटाळवाणं आहे, घरातल्या दोघांनी पाळी लावून घाला, कारण निम्मा गुण त्या तासा-तासाच्या थेंबांतच आहे.

जखम खोल असेल, थेंब पोचत नसतील तेव्हा डॉक्टर बुबुळाच्या थरात व्होरिकोनॅझोल किंवा डोळ्याच्या आत एम्फोटेरिसिन देतात. डोळा बधिर करून, ऑपरेशन थिएटरमध्ये, मायक्रोस्कोपखाली, त्यामुळे भावाला वाटतं तेवढं दुखत नाही. पण डोस किती बारीक असतो बघा, डोळ्याच्या आत एम्फोटेरिसिन ५ ते १० मायक्रोग्रॅम, ५० एमजीच्या कुपीचा दहा हजारावा भाग म्हणजे ५ मायक्रोग्रॅम. म्हणून ते पातळ करणं हे अनुभवी माणसाचंच काम, ताजं ताजं तयार केलेलंच वापरायचं, आणि कुणी कुपीतलं औषध घरी ड्रॉपसारखं घाला म्हणालं तर हात जोडून नको म्हणायचं. उशीर करू नका, बुबुळाला भोक पडलं तर मग बुबुळ बदलण्यापर्यंत जातं. तोडीला जाताना डोळ्यांवर साधा प्लॅस्टिकचा गॉगल लावायला टोळीतल्या सगळ्यांना सांगा.

प्रश्न (संकेश्वर) : मांडीत गजकर्ण दोन वर्षं जात नाही. एक जण म्हणतात फंगसचं इंजेक्शन मारतो, एका झटक्यात जाईल. घेऊ का?

उत्तर : नको. गजकर्णाला शिरेतली ही औषधं लागत नाहीत, आणि एका झटक्यात बरं करणारं जे इंजेक्शन देतात ते पुष्कळदा स्टेरॉइड असतं, खाज आठवडाभर थांबते आणि मग गजकर्ण दुप्पट पसरून येतं. तीन-चार औषधं एकत्र केलेलं मिक्स क्रीम लावत असाल तर ते पण बंद करा. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, मलम आणि गरज पडल्यास गोळ्या, काही आठवडे सलग, डाग गेल्यावर पण ते सांगतील तोपर्यंत, आणि घरातल्या ज्यांना आहे त्या सगळ्यांचा इलाज एकदम. टॉवेल वेगळे, पावसात ओली अंतर्वस्त्रं अंगावर वाळवायची नाहीत.

प्रश्न (अथणी) : मामाला बेळगावहून मिरजेला हलवलं. बाटल्या बरोबर नेताना थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात टाकल्या, उन्हात चार तास लागले. आता मामा गोळ्यांवर आले आणि दोन बाटल्या शिल्लक आहेत. गावात एकाला हाच आजार झालाय, त्याला देऊ का? फुकट जाण्यापेक्षा बरं ना.

उत्तर : तुमचं मन चांगलं आहे पण देऊ नका. बर्फाला थेट चिकटलेली कुपी गोठू शकते, आणि लायपोसोमल गोठलं की ते बुडबुडे फुटू शकतात, बाहेरून बघून काहीच कळत नाही. बर्फ वितळल्यावर उन्हात तापली असेल तर ते पण कळत नाही. साधं एम्फोटेरिसिन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, उजेडापासून लांब ठेवायचं असतं, लायपोसोमलचं कंपनीप्रमाणे बदलतं, काहींवर २५ डिग्रीपर्यंत चालतं असं असतं, काहींवर फ्रिज लिहिलेलं, डब्यावरचं वाचा. पुढे कधी न्यायची वेळ आली तर औषध मूळ डब्यातच ठेवा, त्याला जाड कागद किंवा टॉवेल गुंडाळा, मग जेल पॅकच्या डब्यात, फ्रीझरमध्ये कधी नाही.

पेशंट हलवताना बाटल्यांपेक्षा कागद महत्त्वाचे. कुठलं औषध, लायपोसोमल की साधं, रोज किती एमजी, आजपर्यंत एकूण किती गेलं, शेवटचा डोस किती वाजता, शेवटचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, लावताना काय त्रास झाला, एवढं बेळगावच्या डॉक्टरांकडून एका कागदावर सही-शिक्क्यानिशी घ्या आणि पेशंटबरोबर बसणाऱ्याच्या खिशात ठेवा. फाईल मागच्या गाडीत राहते आणि नव्या ठिकाणी रात्रीच्या ड्युटीवरच्यांना नुसतं एम्फोटेरिसिन चालू होतं एवढंच तोंडी सांगितलं जातं, मग वर निपाणीच्या भाऊंना सांगितलेला घोळ होतो.

त्या दोन बाटल्या न उघडलेल्या असतील तर बिल घेऊन जिथून घेतल्या त्या फार्मसीत जा आणि प्रवासात काय झालं ते खरं सांगा. थंड ठेवायचं औषध बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, आणि बरोबरच आहे, कारण ते पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी शिरेत जाणार. परत नाही घेतल्या तर नष्ट करायला तिथेच द्या, घरच्या कचऱ्यात किंवा मोरीत नको. गावातल्या त्या पेशंटला मदत करायचीच असेल तर त्याच्या घरच्यांना आयुष्मानच्या काउंटरवर घेऊन जा, आणि चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव आहे का ते तुम्ही बघून द्या.